दिवसाची संख्या आणि दिवसाचे नाव

औरंगाबादहून (आता छत्रपती संभाजीनगर) अजिंठ्याकडे निघाले की वाटेत सिल्लोड लागते. तेथे आमच्या परिचयाचे एक निवृत्त मराठी शिक्षक राहतात. त्यांच्या घरी जुन्या कागदांचा एक रुमाल आहे. मराठवाड्यातल्या जुन्या घरांतून असे रुमाल पुष्कळ सापडतात, आणि बहुतेक ठिकाणी ते सोडून वाचणारा माणूस मात्र घरात उरलेला नसतो. सरांच्या रुमालातला एक कागद जमिनीच्या वाटणीचा आहे. मजकूर उर्दूत, खाली मोडीतल्या सह्या, वर तारीख: फरवरदी महिना, १३३५ फसली, वार पंजशंबा, म्हणजे गुरुवार. सरांचा नातू अभियांत्रिकीचा विद्यार्थी. त्याने रस्ट या संगणकभाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. फसली तारीख द्यावी आणि इंग्रजी तारीख घ्यावी, एवढेच त्याचे काम. प्रोग्रामने उत्तर दिले ते १९२५ सालच्या फेब्रुवारीतले, आणि वार गुरुवारच.

वार जुळल्यामुळे सारे निश्चिंत झाले. सर तेवढे झाले नाहीत. घरातल्या सांगण्याप्रमाणे वाटणी झाली ती त्यांच्या पणजोबांच्या पश्चात, आणि पणजोबा वारले १९२५ च्या पावसाळ्यात. प्रोग्राम खरा धरला तर पणजोबा हयात असताना, त्यांच्या सहीशिवाय, मुलांनी वाटणी करून घेतली असे ठरते. म्हणजे एक तर घरची आठवण खोटी किंवा कागद खोटा. "शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांवर यंत्राच्या शब्दाने आळ घ्यायचा का?" असे सरांनी आम्हांला विचारले. त्या दुपारी सुरू झालेला विचार पुढे बराच लांबला, तो येथे मांडत आहोत. साहित्याच्या अभ्यासकांना हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. पण 'तारीख' हा मूळचा अरबी शब्द उर्दूत दिनांक आणि इतिहास या दोन्ही अर्थांनी चालतो, मराठीत मात्र त्यातला पहिलाच अर्थ उरला, एवढे लक्षात आणून दिले म्हणजे परकेपणा थोडा कमी होईल.

प्रथम यंत्र काय करते ते पाहू. संगणकाला महिना ठाऊक नसतो, वर्षही नसते. त्याच्यापाशी असते ती केवळ एक संख्या: १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून किती सेकंद लोटले. ही प्रथा युनिक्स प्रणालीपासून आली. रस्टची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ सालची, म्हणजे भाषा नवी; तरी मोजणीचा आरंभ तोच. आम्हांला मौज वाटली ती पुढच्या गोष्टीची. रस्टच्या मूळ ग्रंथालयात वेळ मोजण्याची सोय आहे, पण तारीख सांगण्याची नाही. दोन क्षणांतले अंतर ते सेकंदांत काढून देते. आज कोणता महिना, असे विचारायचे असेल तर 'क्रोनो' किंवा 'टाइम' अशी बाहेरची ग्रंथालये जोडून घ्यावी लागतात. १९७० पूर्वीच्या एखाद्या क्षणाचे त्या आरंभापासूनचे अंतर मागितले, तर ते उत्तर सरळ न देता चुकीच्या सदराखाली देते. भाषा रचणाऱ्यांनी मोजणे आणि नाव देणे ही दोन कामे निराळी ठेवली. दिवसाची संख्या ही एक गोष्ट आणि दिवसाचे नाव ही दुसरी. संख्येबद्दल वाद होत नाही, नावाबद्दल होतो.

हा भेद आपल्याकडे फार जुना आहे. ज्योतिषगणितात त्या संख्येला अहर्गण म्हणतात: ठरलेल्या आरंभदिवसापासून गेलेल्या दिवसांची रास. सिद्धांतग्रंथांनी अनेकदा हा आरंभ कलियुगाच्या पहिल्या दिवसाशी नेऊन ठेवला. युरोपीय मोजणीने तो दिवस इसवी सनपूर्व ३१०२ च्या फेब्रुवारीची १८ तारीख. ग्रहाचे स्थान काढायचे तर आधी अहर्गण काढा आणि मग त्याला ग्रहाच्या गतीने गुणा. पंचांगाची तिथी ही माणसांच्या व्यवहारासाठी, अहर्गण गणितासाठी. अडचण एकच होती, संख्या फार मोठ्या होत. सोळाव्या शतकाच्या आरंभी कलीपासूनचे दिवस सुमारे पावणेसतरा लाख झाले होते. पाटीवर धूळ पसरून गणित करणाऱ्या जोशाने लाखांच्या राशी रोज किती वेळा गुणाव्यात?

कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ही अडचण फार चतुराईने सोडवली. त्यांचा 'ग्रहलाघव' शके १४४२ चा, म्हणजे १५२० सालचा. महाराष्ट्रातली पंचांगे पुढे कित्येक पिढ्या या ग्रंथावर चालली. गणेशांनी आरंभ कलियुगातून उचलून स्वतःच्याच शके १४४२ वर आणला आणि काळाचे अकरा अकरा वर्षांचे तुकडे पाडले. अशा तुकड्याला त्यांनी चक्र म्हटले. अकरा वर्षांत एकशे बत्तीस महिने आणि वर चार अधिकमास, मिळून एकशे छत्तीस चांद्रमास होतात, त्यांचे दिवस ४०१६. कितीही शतके गेली तरी जोशाला हाताळावी लागणारी संख्या चार हजारांच्या आसपास राहते, बाकीचे काम चक्रांकावर सोपवलेले. १९७० हा आरंभ निवडणाऱ्यांनीही आकडे लहान राहावेत म्हणून जवळचेच वर्ष घेतले होते. (त्यांचा हिशेब जरा तोकडा पडला. बत्तीस बिटांच्या जुन्या यंत्रांचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला भरतो, आणि मागे तो डिसेंबर १९०१ च्या पलीकडे जातच नाही.)

गणेशांची रीत दोन श्लोकांत मावते. आम्ही ती साध्या मराठीत, एका सर्वांच्या परिचयाच्या मितीवर करून पाहतो. वाचकांनी कागद-पेन्सिल घ्यावी, त्रैराशिकाहून अवघड असे यात काही नाही. मिती घेऊ शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. हीच शिवाजी महाराजांची जन्मतिथी म्हणून जेधे शकावलीत नोंदलेली आहे.

शकातून १४४२ वजा करा: १०९. त्याला ११ ने भागा: चक्रे ९, बाकी १०. बाकीला १२ ने गुणा आणि चैत्रापासून गेलेले ११ महिने मिळवा: १३१. आता अधिकमास. या १३१ मध्ये चक्रांची दुप्पट १८ आणि वर १० मिळवा, होतात १५९. त्यांना ३३ ने भागले की ४ येतात. म्हणजे एकंदर महिने १३५. त्यांना ३० ने गुणा, ४०५०. फाल्गुन वद्य तृतीया ही महिन्याची अठरावी तिथी, म्हणून गेलेल्या तिथी १७, मिळून ४०६७. चक्रांचा सहावा हिस्सा, अपूर्णांक टाकून, १. झाले ४०६८. या तिथी आहेत, दिवस नव्हेत. तिथी दिवसाहून किंचित लहान असते, म्हणून ६४ ने भागून येणारे ६३ क्षयदिवस वजा करा. उरले ४००५. हा अहर्गण. वार काढण्यासाठी चक्रांची पाचपट ४५ मिळवा, ४०५०, सातांनी भागा, बाकी ४. गणेशांच्या आरंभीचा वार सोमवार, तेथून शून्य, एक, दोन असे मोजत चारवर येतो शुक्रवार. शकावलीतही शुक्रवारच आहे.

पाचाने का गुणायचे? कारण ४०१६ ला सातांनी भागले की बाकी ५ उरते. हे कळल्यावर आम्ही तो श्लोक पुन्हा वाचला. छंदात बसवण्यासाठी त्यात आकड्यांच्या जागी शर, ईश, अमर असे शब्द आले आहेत. पाठ करणाऱ्याला त्याचे कारण ठाऊक असणे आवश्यक नव्हते. संगणकाच्या प्रोग्रामचेही तेच आहे, वापरणारा तो पाठ म्हणतो.

आता नऊ चक्रांचे ३६,१४४ आणि हे ४००५ मिळून ४०,१४९ दिवस होतात. गणेशांचा आरंभदिवस जुन्या युरोपीय पंचांगाने १९ मार्च १५२०. तेथून ४०,१४९ दिवस पुढे मोजले की येते १९ फेब्रुवारी १६३०. महाराष्ट्र शासनाने शिवजयंतीसाठी स्वीकारलेली तारीख हीच. शिवजन्माच्या एकशे दहा वर्षे आधी लिहिलेल्या ग्रंथाच्या साहाय्याने आम्ही घरी बसून ती काढली. ग्रहलाघवाच्या अहर्गणात क्वचित एका दिवसाचा फरक पडतो, आणि तो वाराने ताडून दुरुस्त करण्याची वहिवाट आहे. या मितीला ती गरज लागली नाही.

हाच दिवस आता रस्टच्या हाती देऊ. १ जानेवारी १९७० पासून तो १,२४,१२३ दिवस मागे आहे, म्हणजे संख्या ऋण. सेकंदांत सांगायचे तर उणे १०,७२,४२,२७,२००. संख्येवरून तारीख काढण्याची जी रीत आज बरीच रूढ आहे, ती सी प्लस प्लस भाषेशी संबंधित हॉवर्ड हिनंट यांनी तपशीलवार मांडली. रस्टमध्ये ती दहा-बारा ओळींत बसते. त्या ओळी वाचताना गणेश दैवज्ञांची आठवण होणे अपरिहार्य आहे. येथेही चक्रच आहे, फक्त चारशे वर्षांचे. ग्रेगोरियन पंचांगात दर चारशे वर्षांनी लीप वर्षांची घडी पुन्हा तशीच बसते आणि त्या चारशे वर्षांचे दिवस होतात १,४६,०९७. दुसरी युक्ती अशी की वर्ष जानेवारीत सुरू न करता मार्चमध्ये करायचे. मग लीपचा जादा दिवस वर्षाच्या अगदी शेवटी, फेब्रुवारीच्या टोकाला जातो आणि मधले महिने मोजताना आडवा येत नाही. रोमन लोकांचे जुने वर्ष मार्चमध्येच सुरू होई. म्हणून तर सप्टेंबर हा नावाने सातवा आणि डिसेंबर दहावा. गणकाला सोयीचे वर्ष बऱ्याचदा जुन्या माणसांच्या वर्षासारखे निघते.

उणे १,२४,१२३ मध्ये ७,१९,४६८ मिळवले (मार्चपासून मोजलेल्या शून्य वर्षाच्या आरंभापासून १९७० पर्यंतचे हे दिवस) की ५,९५,३४५ होतात. १,४६,०९७ ने भागले तर चार चक्रे, म्हणजे १६०० वर्षे, आणि बाकी १०,९५७. एवढ्या दिवसांत लीप धरून नेमकी तीस वर्षे होतात, बाकी शून्य. म्हणून वर्ष १६३०, आणि वर्षाचा पहिला दिवस: १ मार्च.

म्हणजे रस्ट सांगतो की शिवाजी महाराजांचा जन्म १ मार्च १६३० चा. येथे कोणाचेही गणित चुकलेले नाही. दिवस एकच, त्याची संख्या एकच, नावे दोन. पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये पंचांग सुधारले, तेव्हा ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. पोर्तुगालने ही सुधारणा ताबडतोब मानली. इंग्लंडने ती १७५२ पर्यंत मानली नाही. सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. इंग्लंडात तेव्हा नवे वर्ष २५ मार्चला लागे, हे आणखी वर. त्यामुळे शिवजन्माच्या दिवशी सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजाने पत्र लिहिले असते तर वर १९ फेब्रुवारी १६२९ अशी तारीख घातली असती, आणि गोव्याच्या पोर्तुगीजाने १ मार्च १६३०. जुन्नरच्या कुळकर्ण्याने शके १५५१ लिहिले असते, किंवा सुहूर सन सलासीन अलफ, म्हणजे १०३०. आणि दरबारी मुनशीने हिजरी १०३९ चा रजब.

यांपैकी खरी तारीख कोणती, असे विद्यार्थी वर्गात विचारतात. आमच्या मते प्रश्नच नीट मांडलेला नसतो. मराठ्यांच्या इतिहासाचे लेखक १७५२ पूर्वीच्या तारखा सामान्यतः जुन्या पद्धतीने देतात, कारण इंग्रजी साधनांशी ताडून पाहणे त्यामुळे सोपे होते. संगणक ग्रेगोरियन नियम इतिहासात मागे कितीही लांबवतो, जेथे तो नियम जन्मालाही आला नव्हता अशा काळातही. दोन्ही संकेत वापरण्याजोगे आहेत. पण इतिहासलेखक प्रस्तावनेत आपला संकेत सांगतो. यंत्राचा संकेत ग्रंथालयाच्या माहितीपत्रकात कोठेतरी लिहिलेला असतो आणि उत्तरावर त्याची खूण नसते. १ मार्च १६३० ही तारीख पडद्यावर नुसतीच उमटते. उद्या कोणी ती उचलून लेखात घालील, आणि परवा शिवजयंतीच्या वादात तिसरा पक्ष उभा राहील. वर्ष १६२७ की १६३०, तिथीने की तारखेने, हे वाद महाराष्ट्राने पुरेसे पाहिले आहेत. टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली, तिच्या नोंदींना वजन आले ते मुख्यतः तिथी, वार, नक्षत्र हे सारे एकत्र दिलेले असल्यामुळे. एका साक्षीदाराने दुसऱ्याला सांभाळून घ्यावे तसे ते आहे.

तरीही वार या साक्षीदाराला कोणता प्रश्न विचारायचा हे ठाऊक असावे लागते. राज्याभिषेकाचेच पाहा. आपण ६ जून १६७४ म्हणतो. जुन्या पंचांगाने त्या दिवशी शनिवार होता. जेधे शकावलीत मात्र शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार अशी नोंद आहे. ग्रहलाघवाने अहर्गण काढला तर शुक्रवारच मिळतो, आणि दिवस ५ जून. मग एक दिवस कोठे गेला? उत्तर त्याच नोंदीत आहे: तीन घटिका रात्र उरली असता महाराज सिंहासनावर बसले. तीन घटिका म्हणजे बहात्तर मिनिटे. आपला वार सूर्योदयाला बदलतो, साहेबाचा मध्यरात्री. पहाटेच्या त्या घटकेत रायगडावर अजून शुक्रवार होता, आणि त्याच गडावर आलेल्या हेन्री ऑक्झिंडेनच्या मोजणीने शनिवार लागून गेला होता. संगणकाचा दिवस ग्रीनिचच्या मध्यरात्री बदलतो, म्हणजे भारतीय वेळेने पहाटे साडेपाचला. ती वेळ सूर्योदयाच्या बरीच जवळ पडते, हा योगायोगच.

अशा तारखा जुळवण्याचे काम मराठीत एकेकाळी मोठ्या निष्ठेने झाले. कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांची जंत्री, गणेश सखाराम खऱ्यांची शकावली, ही पुस्तके संशोधकांच्या टेबलावर कोशासारखी उघडी असत. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षक. भारतीय ज्योतिषशास्त्राचा त्यांचा मराठी इतिहास आणि रॉबर्ट स्यूएलबरोबर केलेला इंग्रजी पंचांगग्रंथ, दोन्ही १८९६ चे. दोनच वर्षांनी ते वारले. आज एका क्षणात मिळणाऱ्या उत्तरामागे अशी एकेक आयुष्ये आहेत असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पण आमचा मुद्दा कृतज्ञतेचा नाही. जंत्रीत एका ओळीत शक, सुहूर, फसली, हिजरी आणि इसवी अशी शेजारी शेजारी घरे असत. बोट एका घरावर ठेवले तरी डोळ्यांना बाकीची दिसत. यंत्र एकच घर दाखवते.

आता सिल्लोडच्या कागदाकडे परत येऊ. फसली सनाचा उगम अकबराच्या काळातला, पिकांच्या हंगामाशी सारावसुली जुळावी म्हणून. दक्षिणेत तो शाहजहानच्या वेळी आला. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन, हे सूत्र अनेकांना पाठ असते आणि ते अर्धेच खरे आहे. मद्रास इलाख्यात फसली वर्ष १ जुलैला लागे, मुंबई इलाख्यात मृग नक्षत्राला, जूनच्या पहिल्या आठवड्यात. निजामाच्या राज्यात ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लागे, आणि त्याला आजूर, दय, बहमन, इस्फंदार, फरवरदी अशी इराणी सौर महिन्यांची नावे होती. तेव्हा हैदराबादी फसलीत ऑक्टोबर ते डिसेंबरपर्यंत ५९० मिळवायचे आणि जानेवारीपासून ५९१. फरवरदी हा पाचवा महिना, सुमारे फेब्रुवारीचा. १३३५ फसलीचा फरवरदी १९२६ मध्ये पडतो, १९२५ मध्ये नव्हे.

नातवाने सरसकट ५९० मिळवले होते, म्हणून तो एक वर्ष मागे गेला. मग वार कसा जुळला? पाऊण तास आम्ही तिघे यावर अडलो होतो. प्रोग्राममध्ये आणखी एक चूक निघाली. सेकंदांचे दिवस करताना ८६,४०० ने भागावे लागते. रस्टमधला साधा भागाकार अपूर्णांक टाकतो तो शून्याच्या दिशेने. धन संख्येत त्याने काही बिघडत नाही. ऋण संख्येत, म्हणजे १९७० पूर्वी, त्यामुळे दिवस एकाने पुढे सरकतो. मुलाने प्रत्येक दिवसाची दुपारची वेळ धरली होती, त्यामुळे १९७० पूर्वीच्या त्याच्या सगळ्या तारखा एक दिवस पुढे येत होत्या. तपासणी त्याने स्वतःच्या जन्मतारखेवर केली होती, ती अर्थातच बरोबर निघाली. एक वर्ष मागे म्हणजे ३६५ दिवस मागे, आणि एक दिवस पुढे. मिळून ३६४. या संख्येला सातांनी निःशेष भाग जातो. दोन चुकांनी मिळून वार बरोबर आणला होता!

खोटेपण उघडे पडले ते कागदाच्या तळाशी असलेल्या एका आकड्याने. तेथे हिजरी १३४४ असे लिहिलेले होते. उर्दू वाचणाऱ्या शेजाऱ्यांनी तो वाचून दाखवला होता, पण प्रोग्रामला त्याची गरज नव्हती म्हणून कोणी तो टिपून घेतला नव्हता. हिजरी १३४४ सुरू होते जुलै १९२५ मध्ये. त्याआधीच्या फेब्रुवारीत तो कागद लिहिला जाणे शक्यच नाही. पणजोबांच्या पश्चात, पुढच्या फेब्रुवारीत वाटणी झाली. घरची आठवण खरी होती.

शून्याच्या दिशेने न झुकणारा भागाकार रस्टमध्ये आहे, आणि त्याला युक्लिडचे नाव दिलेले आहे. मुलाने तो घातला. ५९० आणि ५९१ चा भेदही घातला. ही दुरुस्ती एका घरापुरती वाटेल, पण मराठवाड्यात ती तेवढीच राहत नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाकडे होता, आणि जमीन, जन्म, शाळा यांच्या नोंदी फसलीत होत्या. सत्तापालटानंतरही सन लगेच गेला नाही. हैदराबादचा हक्कनोंदणीचा कायदा १३५८ फसलीच्याच नावाने ओळखला जातो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीपुढे कुणबी नोंदींच्या शोधाचे काम आले, तेव्हा उर्दू व मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. एखाद्या नोंदीचे वर्ष एकाने चुकले तर बापाआधी मुलगा जन्मलेला दिसू शकतो, आणि वंशावळ तेथेच तुटते. मग हा विषय वाचनकक्षाबाहेर जातो.

साहित्याच्या प्राध्यापकांना आमची एक सूचना आहे. मोडी कागदांचे किंवा बखरींचे संपादन करताना विद्यार्थी मूळ मिती काढून टाकतात आणि इंग्रजी तारीख घालतात, हे आम्ही वारंवार पाहिले आहे. ते वाचकाच्या सोयीसाठी असते. पण मूळ मिती हे साधन आहे आणि इंग्रजी तारीख हे संपादकाचे मत. पेशवाईच्या पत्रावर सित सबैन मया व अलफ असते, ते काढून १७७५ घातले तर निम्म्या वेळा १७७६ हवे असते. मूळ शब्द पानावर राहिले असतील तर पुढचा कोणीही ती चूक दुरुस्त करू शकतो. ते गेले तर वाचकाला संपादकाच्या बेरजेवर विसंबून राहावे लागते.

सिल्लोडच्या परिसरातच जंजाळ्याजवळ घटोत्कच लेणे आहे. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा लेख तेथे आहे. त्यात कोणत्याही संवताचे वर्ष नाही. वाकाटकांचे बहुतेक लेख असेच, फार तर राज्यवर्ष देणारे. वाशीमजवळ हिस्से-बोराळ्याला देवसेनाच्या काळातला शके ३८० चा एक लेख मिळाला, आणि त्या एका आकड्याला धरून पुष्कळ पुढचे-मागचे लावावे लागते. हरिषेणाचा काळ मिराशींनी पाचव्या शतकाच्या अखेरच्या चरणात धरला, वॉल्टर स्पिंक यांनी त्याच्या आधी नेला. अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी नेमक्या कोणत्या वर्षांत कोरली गेली, याचे उत्तर त्याप्रमाणे बदलते. ज्या दिवसाला संख्याच मिळालेली नाही, त्याचे रूपांतर कशात करणार?

दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा नातवाने नवी रचना दाखवली. पहिल्या घरात मूळ कागदावरचे शब्द जसेच्या तसे. मग सन कोणत्या मुलखाचा ते. मग दिवसाची संख्या, आणि शेवटी इंग्रजी तारीख, शेजारी पंचांगाचे नाव. रुमालातल्या एका चिठ्ठीवर महिना आहे, तारीख आहे, पण वर्षाच्या जागी फक्त 'साल मजकूर' एवढेच आहे. म्हणजे वर सांगितलेले साल. आणि ते जिच्यात सांगितले होते ती वरची चिठ्ठी रुमालात नाही. रस्टमध्ये नसलेल्या मूल्याच्या जागी गुपचूप शून्य धरता येत नाही. मूल्य नाही, असे स्पष्ट लिहावे लागते, आणि ते नसताना काय करायचे हेही प्रत्येक ठिकाणी सांगावे लागते. मुलाने त्या घरात तसे लिहिले आहे. सरांनी चिठ्ठी पुन्हा घडी घालून रुमालात ठेवली, वाटणीच्या कागदाच्या खाली, कारण ती तेथेच सापडली होती.